जळबानं उंच केलेली जीप

जवळा बाजार गावात स्टँडच्या मागं, सरकीच्या गोदामाला लागून पत्र्याचं एक शेड होतं. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. शेडाला पाटी नव्हती. दारात मोडक्या कमानपाट्यांचा ढीग पडलेला असायचा, तीच पाटी. ट्रक असो, ट्रॉली असो, जीप असो, गाडीचं सगळं वजन ज्या पोलादी पट्ट्यांवर झुलतं ते पाटे. ते मोडले की आसपासच्या गाड्या लंगडत लंगडत जळबाच्या दारात यायच्या.

जळबा हट्टा गावचा. बाप दुसऱ्याच्या शेतात राबून गेला, जमीन म्हणाल तर चुलीपुढची तेवढीच. परभणीला ट्रकांच्या गल्लीत काम शिकला आणि भूकंपाच्या साली इथं येऊन भट्टी पेटवली. अंगानं बारका. भट्टीनं डोळे कायम लाल. माझ्या घरधन्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या कानात म्हणाले, "पिऊन दिसतो." तो चहाशिवाय काही प्यायचा नाही, आणि चहासुद्धा बशीत ओतून, फुंकून, पाहुण्यासारखा.

त्याच्याजवळ शेत नव्हतं, घर मातीचं होतं, शेडाची जागा भाड्याची. होतं काय, तर "जळबानं केलंय" एवढे दोन शब्द. ड्रायव्हर लोक एकमेकाला विचारायचे, "पाटे कुणी भरले?" आणि "जळबानं केलंय" म्हटलं की पुढं कुणी वाकून बघायचं नाही. त्या दोन शब्दांवर त्याची चूल पेटायची. म्हणून सांगते, पुढं जे गेलं ते काय गेलं हे ध्यानात यावं.

माझी त्याची ओळख कातरीनं झाली. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. औंढ्याच्या डोंगरात आमची वाडी, वाडीच्या वर तांडा. लोकर कातरायची आमची कातर बोथट झाली होती, आणि बाजारातली नवी कातर मेंढीला नुसती गुदगुल्या करायची. कुणी सांगितलं म्हणून गेले जळबाकडं. त्यानं ट्रकचा एक तुटका पाटा उचलला आणि म्हणाला, "आक्का, ह्यातून करून देतो. वीस वर्षं ट्रक वाह्यलाय ह्यानं. तुमची मेंढरं काय जड हायेत?"

मी म्हणलं, "मला मेंढरं कातरीवर बसवायची न्हाईत, बाबा. धार पायजे."

तो लई हसला. चार दिवसांनी कातर दिली. अशी कातर मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही. कापायची तर आवाजसुद्धा करायची नाही. देताना म्हणाला, "लोकरीबिगर दुसरं काय कापू नका हिच्यानं." आमच्या घरात तसंही ते चालत नाही. कातरणी झाली की कातर धुवायची, तेल लावायचं, हळदीचं बोट लावून वरच्या खुंटीला टांगायची. तिनं सुतळीसुद्धा तोडायची नाही. माझ्या सासूनं एकदा कातरीनं चोळीचा धागा तोडला म्हणून सासरे दोन दिवस जेवले नव्हते. म्हणून मी जळबाला म्हणलं, "ते तू मला नको सांगू." तेव्हापासून बाजाराला गेले की त्याच्याकडं बसायचं. तो "जयभीम आक्का" म्हणायचा, मी "रामराम" म्हणायची, आणि बशी पुढं यायची.

मालक गेल्यावर माझ्या पोरानं, शिवशंकरनं, मेंढरं राखायची नाहीत असं ठरवलं. निम्मा कळप विकला आणि एक जुनी लांब जीप आणली. त्याचं चूक नव्हतं. वाडीपासून डांबरी रस्ता चार कोस, सगळी काळी माती, मधे वढा. पाऊस पडला की बैलगाडीसुद्धा रुतायची. आदल्याच साली सुकन्या, माझी सून, अडली तर तिला बाजेवर घालून चार माणसांनी नेली, आणि लेकरू वढ्याच्या काठावर, छत्रीखाली झालं. ते जगलं हे नशीब. म्हणून शिवशंकर जीप घेऊन सरळ जळबाच्या दारात गेला, मी पाठीमागं बसलेली.

"मामा, हिला उंच करा."

"किती?"

"वढ्यात पोट टेकलं न्हाई पायजे."

जळबा गाडीखाली गेला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. बाहेर येऊन म्हणाला, "उंच करायला काय, पाट्याखाली ठोकळे घालून उद्या देतो. पन बाळंतीण चढंल कशी? शिडी लावशील का? आन पाटे आसे कडक झाले तर वढ्यापातुर तिचं हाड न हाड मोकळं हुईल."

शिवशंकर म्हणाला, "मंग काय करावं?"

"करू कायतरी. ठिव गाडी."

महिना लागला. जळबा नांदेडच्या भंगारात जाऊन आला. तिथं उलटलेल्या एका लक्झरी बसचे रबरी फुगे त्याला सापडले, पाण्याच्या घागरीएवढे. त्या बसा असल्या फुग्यांवर तरंगत जातात म्हणे. ते फुगे त्यानं जीपच्या मागच्या पाट्यांवर, सांगाड्याच्या खाली बसवले. ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी सीटखाली टाकली, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा छोटा पंप लावला आणि ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ दोन कॉक. चाकं पण मोठी चढवली. हे सगळं करताना त्याच्या शेडापुढं गर्दी. एक ट्रकवाला म्हणाला, "जळबा, दिवाळीला आमाला बी फुगे लाव." जळबा नट आवळत राहिला.

मग त्यानं आम्हाला बोलावलं. एक कॉक फिरवला. फुस्स करून जीपचा मागचा भाग खाली बसला, अगदी ओट्याएवढा. "चढा आक्का." मी चढले, गुडघ्याला हात न लावता. दुसरा कॉक फिरवला, आणि गाडी मला घेऊन हळूहळू वर उठली. उंट असाच करतो म्हणतात, मी उंट पाहिलेला नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईला भर बाजारात कुणी उचललं तर काय वाटावं? मी पदर तोंडात धरून हसत बसले.

जळबा मात्र हसत नव्हता. त्यानं शिवशंकरला खाली वाकवलं आणि हसऱ्या ओठासारखा वाकलेला पाटा दाखवला. "हे बघ. आजवर तुमी ड्रायव्हर लोक माणसं कशी घेता? पाटा हसतोय तवर घेता. त्याचं तोंड सरळ झालं की बास करता. बराबर?"

"बराबर."

"आता हा पाटा कायम हसणार. फुगा वजन उचलतो, म्हून पाटा दबतच न्हाई. त्याला इचारू नको आता. डोकी मोज. बारा. त्याच्यावर एक न्हाई. आन वढ्यात चिखलात उंच कर, पन आडव्या उतारावर हवा सोड, खाली बसव. उंच गाडी उतारावर कलंडती." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आक्का, ऐकलं ना तुमी?"

मी म्हणलं, "ऐकलं."

पहिलं वरीस फार चांगलं गेलं. चिखलात दुसऱ्या जीपा डांबरीवरच थांबायच्या, आमची वढा ओलांडून वाडीत यायची, तांड्यावर जायची. चार बाळंतपणं तिनं वेळेवर पोचवली. लोक जळबाचं नाव काढायचे. त्याला कळमनुरीकडून, वसमतकडून बोलावणी यायला लागली.

मग बारा जणांचे चौदा झाले. चौदाचे सतरा. शिवशंकर एकट्याचं पाप नव्हतं ते. माणूस दारात पाय ठेवायचा, वाकून पाट्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "आरं, गाडी कुठं दबलीय? घे की अजून एक." गाडी दबत नव्हती, दबत होतो आम्ही. माझ्या मांडीवर एकदा तांड्यावरची अख्खी बाई बसून आली, वर तिच्या मांडीवर कोंबडी. मी बोलले नाही. भाडं माझ्या घरात येत होतं.

जळबानं एकदा स्टँडवर आमची गाडी पाहिली. मोजली. एकोणीस. त्यानं हात घालून किल्लीच काढून घेतली.

"शिव्या, सात जण उतरीव."

"मामा, पाटा बघा ना, हसून राहिला."

"त्याला मीच हसवून ठिवलंय! त्याचं काय खरं धरतो?"

आतून कुणी ओरडलं, "ए पाटेवाले, मालक तू हायेस का गाडीचा?" लोक हसले. जळबाचं तोंड उतरलं. कुणी उतरलं नाही. त्यानं किल्ली शिवशंकरला दिली नाही, माझ्या हातात ठेवली आणि गेला. मी ती पोराच्या हातात दिली. दुसरं काय करणार होते, असं मी त्या वेळी स्वतःला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गाडी सुरू झाली.

दोन हजार चार सालचा भादवा. बाजाराचा दिवस, रात्रभर पाऊस होऊन गेलेला. गाडीत चोवीस माणसं आणि टपावर दोन बकऱ्या. वढ्याच्या अलीकडं आडवा उतार आहे. तिथं हवा सोडायची. मी पुढं बसले होते, कॉक माझ्या डोळ्यासमोर होता. मी म्हणलंसुद्धा, "शिवा, हवा सोड." तो म्हणाला, "एवढं वज्जन खाली बसवलं तर पुन्हा उठायचं न्हाई आई, पंप धापा टाकंल. तसंच काढतो."

गाडी कलंडली. धाडकन नाही, म्हैस चिखलात बसते तशी सावकाश. ओरडायलासुद्धा वेळ मिळाला सगळ्यांना. मेलं कुणी नाही. हात मोडले, डोकी फुटली. तांड्यावरचा नेमसिंग कडेला लटकून उभा होता, त्याचा खुबा गाडीखाली आला. धट्टाकट्टा माणूस तो.

दुसऱ्या दिवशी जमादार येणार होता, पंचनामा करायला. शिवशंकर सकाळी दिवस उगवायच्या आत "गाडी बघून येतो" म्हणून गेला आणि उजाडायला परत आला. मी मेंढरं सोडायला उठले, तर खुंटीवर कातर उलटी टांगलेली. आमच्या घरात कुणी तशी टांगत नाही. खाली काढली. पात्यावर काळं लागलेलं होतं, चिकट. वास घेतला. रबर.

मी खाली बसले. मग उठून कातर धुतली. तेल लावलं. हळदीचं बोट काही लावलं नाही, तेवढी लाज शिल्लक होती.

उतारावर सगळी वाडी, तांडा जमा झालेला. जीप कुशीवर पडलेली, पोट उघडं. जमादारानं जळबाला बाजारातून बोलावून आणलं होतं. शिवशंकर हात जोडून सांगत होता, "साहेब, फुगा फुटला. भंगारातला जुना फुगा लावला यानं. मी काय करू?"

गुडघ्यावर बसून जळबानं फुग्यावरून बोट फिरवलं. फुटलेलं रबर चिंध्या होऊन पसरतं. कापलेलं रबर ओठासारखं मिटून राहतं. हे मला कळत होतं तर त्याला कळणार नाही? आणि तो काप ज्या पात्याचा होता ते पातं त्याच्याच भट्टीतून निघालेलं. त्यानं एकदा शिवशंकरकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आक्का," तो म्हणाला, "जरा हितं या. तुमी सांगा जमादार साहेबांना. हे फुटलंय का कापलंय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. जमादार म्हणाला, "बोला बाई. तुम्ही गाडीत होता ना?"

शिवशंकर माझ्याकडं बघत नव्हता. त्याची मान लहानपणी चोरून गूळ खाल्ल्यावर व्हायची तशी झाली होती. मागं सुकन्या उभी, कडेवर ते वढ्याकाठचं लेकरू. निम्मा कळप गेलेला, जीप चिखलात. आता पोरगं पण जातंय, एवढंच मला दिसत होतं.

मी म्हणलं, "मी आडानी बाई, साहेब. मला त्यातलं काय कळतं?"

जन्मभर मला अडाणी म्हणून लोकांनी बाजूला बसवलं होतं. त्या दिवशी मी आपणहून त्या जागेवर जाऊन बसले. कातरीनं कापलेलं काय असतं हे त्या उतारावर माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

जळबा उठला. हात पँटीला पुसले. "कितीजण होते ते तरी सांगा," तो हळू म्हणाला. मी पदर सारखा केला. बाकीच्यांनीही सांगितलं नाही, कारण आपण दाटीत बसलो होतो हे कोण सांगणार? सगळ्यांनाच तो फुटका फुगा सोयीचा होता. आणि हट्ट्याचा तो माणूस, त्याच्या बाजूनं ओरडायला त्या उतारावर त्याचं म्हणून कुणी नव्हतं. जमादारानं 'फुगा फुटला' असं लिहून घेतलं.

खटला बिटला काही फार झाला नाही. झालं ते बाजारात झालं. दोन महिन्यांत त्या दोन शब्दांचा अर्थ फिरला. कुणाची गाडी बंद पडली की पोरं ओरडायची, "जळबानं केलंय वाटतं!" आणि हसायची. त्याच्या दारातला ढीग कमी होत गेला. मी बाजाराला जायची ती गोदामाच्या पलीकडून, वळसा घालून. संक्रांतीनंतर एकदा वळसा चुकला तर शेड रिकामं होतं. भट्टीच्या जागी राख, आणि राखेत कुत्रं झोपलेलं.

दीड वर्षानं मी हट्ट्याला गेले. कुणाला न सांगता, एसटीनं. जळबा घरी नव्हता, वसमतला दुसऱ्याच्या दुकानात खिडक्यांच्या जाळ्या जोडायला जायचा. त्याची बायको कमलबाई तूर पाखडत होती. तिनं पाणी दिलं, सूप खाली ठेवलं नाही.

मी सगळं सांगितलं. कातर, रबर, चोवीस माणसं. ती पाखडत राहिली.

"झालं बोलून?" ती म्हणाली.

"झालं."

"हे आमाला त्याच दिवशी ठाऊक झालं, बाई. हितं सांगायला एवढ्या लांब काहून आल्या? माझ्या नवऱ्याला कळावं म्हून? त्यानंच तर बोट लावून पाहिलं ते. जिथं न्हाई बोलल्या तिथं जाऊन बोला की. हितं रडल्यानं तुमचं हलकं हुईल, आमचं काय?"

मी उठले. तिनं मला थांब म्हणलं नाही आणि ते बराबर होतं.

पहिल्यांदा गेले नेमसिंगकडं, तांड्यावर. तो बाजेवर, काठी उशाशी. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजी दीड वर्ष मी चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या?"

"व्हय."

"मंग तुझ्या पोराच्या राह्यल्या की द्यायच्या. आन तुझ्या बी."

"दे. मी बसते."

त्यानं दिल्या. बंजारा बोलीत दिल्या, सगळ्या कळल्या नाहीत, पण कमी पडल्या नाहीत. शेवटी त्यालाच खोकला आला, मी पाणी दिलं.

मग बाजाराच्या दिवशी स्टँडवर उभी राहिले आणि जीपवाल्यांना सांगितलं. मोठ्यानं. एक म्हणाला, "आजी, उन्हात उभं राहू नका." एक म्हणाला, "आता त्याचं काय, जीप भंगारात गेली, तुमच्या वाडीला डांबरी होऊन राहिली." शिवशंकर तेव्हा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर होता. त्याच्या कानावर संध्याकाळच्या आत गेलं. घरी येऊन तो ओरडला नाही. म्हणाला, "त्या दिवशी तू गप बसलीस, तवा मला वाटलं, आई माझी हाय." दुसऱ्या दिवशी त्यानं चूल वेगळी केली. सुकन्या कधी कधी कालवण आणून ठेवते, झाकून, मी नसताना.

एवढ्यातून एकच माणूस हलला. नेमसिंगचा पुतण्या थावरा. त्याच्या ट्रॉलीचा पाटा मोडला होता, तर चुलत्यानं त्याला हट्ट्याला पिटाळलं, "जळबाकडूनच भरून आण." मला कोण आनंद झाला. तिसऱ्या दिवशी थावरा माझ्या दाराशी ट्रॅक्टर उभा करून आला, इंजिन चालूच.

"आजी, त्यानं हातच लावला न्हाई."

"काय म्हणला?"

"काय न्हाई. चहा पाजला. म्हणला, भट्टी इकली, आता जाळ्याच करतो. मी लई इनवण्या केल्या. ट्रॉलीखाली वाकून बी पाहिलं न्हाई त्यानं." थोडं थांबून तो म्हणाला, "आजी, राग मानू नका. खरंच येतं का हो त्याला काम? का तुमीच आता कायतरी सांगून राहिल्या?"

"मी खरं सांगितलं, थावरा."

"आन पंचनाम्याला?"

"तवा खोटं."

त्यानं डोकं खाजवलं. चांगला पोरगा आहे, टाकून बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. "मंग आता कोणतं धरावं आमी, तुमीच सांगा," म्हणाला आणि ट्रॅक्टरवर चढला. पाटा त्यानं परभणीला नेऊन भरून आणला.